तंगूसची तार

आमच्या पंढरीमामांना देवाचंच फारसं सोयरसुतक नाही, तिथे भुताचं कुठून असणार.

कुणी भुताची गोष्ट काढली की ते उठून पाणी प्यायला जायचे. त्यामुळे हे सगळं जेव्हा त्यांनी स्वतःहून मला सांगितलं, तेव्हा मी मध्ये एकदाही हसलो नाही. पुढे लिहितोय त्यातलं बरंचसं त्यांच्या तोंडचं आहे, थोडं त्यांच्या मुलीचं. शेवटचं तेवढं माझं स्वतःचं.

यात स्मशान नाही, पिंपळ नाही, अमावस्या नाही. बोईसरला एमआयडीसीच्या अलीकडची भरवस्तीतली कॉलनी. गेल्या वर्षी तुळशीचं लग्न झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशीची दिवेलागणीची वेळ. शेजारी कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या.

आणि मामांच्या आतल्या खोलीत... कुणी हात न लावता... गिटार वाजली.

आधीपासून सांगतो.

मामा मूळचे परांड्याकडचे. वीस-बावीस वर्षं झाली, इथल्या एका कारखान्यात फिटर आहेत. हाडाचे फिटर. घरातला पंखा जरा कुरकुरला तरी त्यांना झोप लागत नाही. दुसऱ्याच्या मोटारसायकलचा सैल नट दिसला तरी खिशातून पाना काढतील. मामी त्यांना चिडवायची, "माझ्या गुडघ्याला पण एकदा तेल सोडा."

ती मामी गेली. कावीळ झाली आणि बघता बघता गेली. मागे राहिली चौदा वर्षांची ज्ञानेश्वरी. आमची ज्ञानू.

ज्ञानू रडली नाही. तिने बोलणंच टाकलं. शाळेतून यायची, भात लावायची, बापाला वाढायची. "जेवा." "हो." "नाही." एवढ्यावर दिवस निघायचा. बायको गेल्याचं दुःख मामांनी कसंतरी पचवलं, पण लेकीच्या त्या गप्प तोंडाकडे बघून ते आतून पोखरले होते. मला एकदा म्हणाले, "अरे, मशीन बंद पडलं तर मला कळतं कुठं हात घालायचा. लेकराचं काय करू?"

मग दिवाळीत एक दिवस ज्ञानू आपणहून म्हणाली, "बाबा, मला गिटार पाहिजे."

मामांना आकाश ठेंगणं झालं. नवी घ्यायचीसुद्धा त्यांची तयारी होती, पण ज्ञानूनेच मोबाईलवर एक जुनी शोधली. सातपाटीची. भाऊबीज झाली आणि तुळशीच्या लग्नाच्या रविवारी दुपारी बापलेक मोटारसायकलवरून निघाले.

घर खाडीच्या बाजूला होतं. अंगणात बांबूंवर बोंबील वाळत होते. विकणाऱ्याचं नाव अंकुश. तिशीचा असेल. त्याने त्यांना घरात बोलावलं नाही. गिटार दारातच आणून दिली.

"आये बाजाराला गेलीय," तो म्हणाला. "ती यायच्या आदी घेऊन जावा."

मामांनी गिटार हातात घेतली. शाफ्ट सरळ आहे का बघतात तसा एक डोळा मिटून मानेवरून नजर टाकली. मान सरळ. पोट कुठे उकललेलं नाही. खुंट्यांना गंज. खाऱ्या हवेने तारा काळ्या पडलेल्या. आणि सगळ्यात जाड तारेच्या जागी तार नव्हतीच... जाळ्याला वापरतात तो नायलॉनचा पिवळट दोरा ताणून बसवला होता.

"ही काय भानगड?"

"तंगूस हाय. तार तुटली व्हती, दुकान लांब. भावानं लावला. आमच्याकडं काय तोटा हाय त्याचा?"

"भावाची आहे होय? मग भाऊ कुठाय?"

अंकुशने खाडीकडे बघितलं.

"बोटीवर."

मामांना वाटलं, मासेमारीला गेला असेल. कुणालाही तसंच वाटलं असतं.

घरी आल्यावर मामांनी गिटारचं जे काही केलं, ते आजारी माणसाचं करावं तसं केलं. खुंट्या खोलून गंज घासला. थेंबभर तेल सोडलं. लाकूड मऊ फडक्याने पुसलं. बोईसरची दमट हवा तुम्हाला माहीतच आहे, म्हणून खिडकीपासून लांब, आतल्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवली. कारखान्यात मशीनच्या पार्टबरोबर निळ्या दाण्यांच्या पुड्या येतात, ओल शोषायला. त्यातल्या दोन गिटारच्या पोटात सोडल्या. ओल लागली की ते दाणे गुलाबी होतात. एकदा टाकले की दोन-तीन महिने बघायला नको.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ज्ञानू देवापाशी दिवा लावत होती. मामा पहिली पाळी करून आले होते, चहा पीत बसले होते.

टंग...

बद्द आवाज. तंगूसचा.

मग जरा थांबून... टंग-टंग.

मामांना वाटलं, मांजर शिरलं. जाऊन बघितलं. खोलीत कुणी नाही. खिडकी बंद. गिटार जागेवर. फक्त तो पिवळा दोरा... अजून थरथरत होता.

"खुंटी सैल असेल," मामा म्हणाले आणि खुंटी आवळली.

मग त्यांनी पुड्या बाहेर काढल्या.

दाणे गुलाबी झाले होते. एका दिवसात. आणि त्यांना ओल्या जाळ्याचा वास येत होता.

त्यानंतर हे रोजचंच झालं. दिवेलागणीला. आधी एक... मग दोन. नवीन पुड्या टाका, दुसऱ्या दिवशी गुलाबी. मामांनी गिटार दुसऱ्या भिंतीला ठेवली. कपाटावर ठेवली. पिशवीत घालून चेन लावली. आवाज पिशवीतून आला.

आता यात एक गोष्ट अशी घडत होती की मामांना घाबरायलाही फुरसत मिळेना.

ज्ञानू बोलायला लागली होती.

आधी शाळेतलं थोडंसं. मग वर्गातल्या उत्कर्षाचं आणि तिचं भांडण. मग एक दिवस चक्क हसली. मामा सांगतात, तो हसण्याचा आवाज ऐकून त्यांच्या हातातला घास हातातच राहिला. अगदी मामीसारखी हसली म्हणे.

पण त्याच दिवसांत त्यांच्या लक्षात आलं की ज्ञानू संध्याकाळी तिसरं ताट घेते. आतल्या खोलीत, गिटारसमोर. भात, आमटी आणि पाण्याचा तांब्या.

"हे कुणाला गं?"

"तो येतो ना."

"कोण तो?"

"माहीत नाही. दमून येतो. आला की वाजवतो, मी आलो म्हणून." मग जवळ येऊन हळूच म्हणाली, "बाबा, तो जेवत नाही. पण तांब्या रोज रिकामा होतो."

मामांनी दुसऱ्या दिवशी स्वतः तांब्या भरला. खोलीला बाहेरून कडी घातली आणि दारातच बसून राहिले.

टंग...

टंग-टंग...

कडी काढली. ताट तसंच होतं. तांब्या कोरडा ठणठणीत.

त्या रात्री जेवताना ज्ञानू एकदम म्हणाली, "बाबा, तो येऊ शकतो, तर आई पण येईल ना? तिला फक्त घर सापडायला पाहिजे."

आणि ती आशेने बघत राहिली.

बोलायला लागलेली लेक एकीकडे, आणि तिला कुठे नेऊन सोडेल याचा नेम नाही ती आशा दुसरीकडे. मामांनी रात्रभर विचार केला. आणि शेवटी त्यांनी तेच केलं जे फिटर माणूस करतो.

चुकीचा पार्ट काढून टाकायचं ठरवलं.

पालघरला जाऊन तारांचा नवा संच आणला. ज्ञानू शाळेत असताना भर दुपारी गिटार मांडीवर घेतली. पाच तारा निघाल्या. तंगूस निघेना. त्याच्या टोकाला एक गाठ होती, बारीक, घट्ट, एकात एक अडकवलेली. इतकी वर्षं नटबोल्ट खोलणारा माणूस, पण त्यांना ती गाठ सुटली नाही.

त्यांनी पक्कड घेतली आणि गाठच तोडली.

आवाज झाला नाही. मामा म्हणतात, तेच विचित्र होतं. ताणलेला दोरा तुटला, तर काहीतरी वाजायला हवं होतं ना?

तुकडे कचऱ्याच्या गाडीत गेले. नव्या तारा लागल्या. गिटार काय सुंदर वाजायला लागली!

संध्याकाळी ज्ञानूने ताट वाढलं. तांब्या ठेवला. दिवा लावला.

काहीच नाही...

ती बसून राहिली. भात गार झाला. तांब्या काठोकाठ भरलेला. मग तिची नजर त्या सहाव्या, चकचकीत नव्या तारेवर गेली. तिने बापाकडे बघितलं.

ओरडली नाही. ताट उचललं, आत नेऊन ठेवलं.

"जेवा," म्हणाली.

आणि पुन्हा तेच. जेवा. हो. नाही.

पुढच्या दोन-चार दिवसांत शेजारची हेतल मामांना जिन्यात भेटली. "भाऊ, तुमच्याकडे पण कोणी कडी वाजवतं का? संध्याकाळी? मी उघडते तर कोणी नाय. उंबरा ओला." मग वरच्या मजल्यावरच्यांनी तेच सांगितलं. मग मागच्या बिल्डिंगमध्ये. एक यूपीचा कामगार तर वॉचमनवर खेकसला, "रोज शाम को कौन आता है? कुंडी बजाके भाग जाता है!"

कशी वाजते कडी, मामांनी विचारलं.

"पहले एक. फिर थोडा रुक के दो."



त्याच रविवारी दुपारी त्यांच्या स्वतःच्या दाराची कडी वाजली. सरळ, माणसासारखी. दारात अंकुश उभा होता, मान खाली घालून. त्याच्या पुढे एक म्हातारी. काळीसावळी, सडसडीत, कमरेला पदर खोचलेला.

"मी मैनाबाय. ह्याची आये," ती म्हणाली. "तुमी गितार नेली ना आमची? ऱ्हावू दे, मागायला नाय आलेय. यक इचारायचंय फक्त." तिने घरभर नजर फिरवली. "सांजचा येतो का तो?"



"माजा धाकटा. शैलेश," ती सांगायला लागली. "दोन पावसाळं झालं. बोट उलटली. बाकीचं मिळालं, ह्यो नाय मिळाला. बोटीवरून घरी आला की आंघोलीच्या आदी गितार वाजवायचा. यक, मग दोन. म्हंजे आये, मी आलू, भात टाक. गेल्यावर पन वाजायची. रोज. मी म्हनायची, आला गं माजा बाबा."

"मग तुम्ही विकलीत का?" मामांनी विचारलं.

अंकुश तोंड फिरवून म्हणाला, "मी इकली. आये त्याचं कार्य करू देईना. म्हने, जिता मानूस रोज घरी येतो, त्याचं कार्य कसं करायचं? दोन वर्सं दारात बसून ऱ्हायली. मला वाटलं, गितार गेली की सुटंल."

"मी रागावले नाय तुज्यावर," म्हातारी म्हणाली. मग मामांकडे वळली. "म्हटलं, चालंल. बोयसरला तर बोयसरला. कुनाच्या तरी घरी येतोय ना पोरगा? दाराला तर लागतोय? पन मंगलवारपासून माजा जीव थाऱ्यावर नाय. म्हनून इचारते... येतो ना?"

मंगळवारीच मामांनी पक्कड चालवली होती.

खोटं बोलता आलं असतं. "येतो" म्हटलं असतं तर ती म्हातारी समाधानाने घरी गेली असती. पण मामांना ते जमलं नाही. त्यांनी सगळं सांगितलं. तंगूस, गाठ, पक्कड, कचऱ्याची गाडी. सांगता सांगता ते रडायला लागले. मी माझ्या मामांना मामीच्या चितेपुढेही रडताना बघितलेलं नाही.



"त्यानं बसवला व्हता तंगूस," मैनाबाई म्हणाली. "पन त्याची गाठ सुटायची. म्हनून मी मारून दिलेली. आमच्या घरात जालं मीच इनते. माज्या हातची गाठ शैलेश अंधारात, नुसत्या बोटानं वलखायचा. लाटंत जालं तुटून दुसऱ्याच्या जाल्यात गुतलं ना, तरी गाठ चाचपून सांगायचा, हे आमचं." तिने स्वतःच्या बोटांकडे बघितलं. "तेवडीच तर खूण व्हती त्याच्याकडं. आता त्यानं घर कशावरून वलखायचं?"

मामांनी हात जोडले. म्हातारीने ते धरले आणि खाली केले.

"तुमी बाप हाव. लेकीसाटी केलंत. मी पन केलं असतं."

मग तिने कमरेची पिशवी सोडली. तंगूसचं वेटोळं तिच्यात होतंच. गिटार मांडीवर घेतली, मामांनी नवी तार काढून दिली, आणि तिने न बघता, बोटांनी, तीच गाठ मारली. दोरा ताणला. सगळे दिवेलागणीची वाट बघत बसले. ज्ञानूने काही न बोलता पाण्याचा तांब्या आणून गिटारसमोर ठेवला.

मैनाबाईने तांब्याकडे बघितलं आणि तिचा बांध फुटला.

"आला की आदी पानीच प्यायचा गो! तांब्याभर! खारं पानी दिसभर, तहानेनं जीव जायचा त्याचा..."

"मावशी, मी ठेवायचे," ज्ञानू म्हणाली. "तो रोज प्यायचा. रोज."

आणि दोघी एकमेकींना धरून रडल्या. ज्ञानू आईसाठी पहिल्यांदा रडली ती त्या दिवशी, एका परक्या बाईच्या कुशीत.

दिवेलागण झाली. कुकर झाले. रस्त्यावरचे दिवे लागले.

गिटार वाजली नाही.

"गाठ परत मारली, हे त्याला सांगनार कोन?" मैनाबाई म्हणाली. "तो निघाला आसंल इथून."

निघताना ज्ञानूने गिटार पिशवीत घातली आणि तिच्या हातात दिली. मामा काही बोलणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "मावशी, तुम्ही घेऊन जा. तो शोधत शोधत तुमच्याकडेच येईल." मग जरा थांबून, "आला की मला फोन कराल? म्हणजे मला कळेल. हरवलेल्याला घर सापडतं की नाही ते."

"करीन गो बाय," मैनाबाई म्हणाली. "पयला फोन तुलाच."

त्यानंतर कॉलनीत कडी वाजली नाही. ज्ञानू आता बोलते, बापाशीही. पण रोज संध्याकाळी दिवा लावला की ती विचारते, "मावशीचा फोन आला?" मामा म्हणतात, "नाही गं." अंकुशने अजून कार्य केलेलं नाही. आईच म्हणाली म्हणे, थोडं थांब.

हे सगळं मामांनी मला सांगितलं त्याला महिना झाला.

आता माझं.

मी पालघरला राहतो, सातपाटीच्या रस्त्याला लागून. तळमजल्याची खोली. बोईसरहून सातपाटीला जायचं तर माझ्या दारावरूनच जावं लागतं. हे माझ्या कधी डोक्यातही आलं नव्हतं.

गेल्या गुरुवारी संध्याकाळी ऑफिसातून आलो. दिवा लावायला बटणाकडे हात नेला आणि...

कडी वाजली.

एक.

मी तसाच उभा राहिलो. वाटलं, पेपरवाला असेल, मालक असेल.

मग... दोन.

दार उघडलं. रस्त्यावर रिक्षा जात होत्या, समोरच्या टपरीवर माणसं होती. दारात कुणी नव्हतं. उंबरा ओला. त्यावर चार कण वाळू. आणि तो वास, मामांनी सांगितलेला, ओल्या जाळ्याचा.

मी घाबरलो. खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त मला गलबलून आलं. बोईसर ते पालघर. किती दारं वाजवली असतील याने?

मी आत गेलो, तांब्या भरला आणि उंबऱ्यावर ठेवला. रिकाम्या दाराला म्हणालो, "शैलेश, हाच रस्ता सरळ सातपाटीला जातो. आई गाठ मारून बसलीय."

दार लोटून घेतलं. थोड्या वेळाने उघडलं.

तांब्या रिकामा होता.

त्याला आज सहा दिवस झाले. इथून सातपाटी बसने अर्ध्या तासाचीसुद्धा नाही.

मामांना मी अजून काही सांगितलेलं नाही. मैनाबाईचा नंबर माझ्याकडे आहे. रोज संध्याकाळी फोन हातात घेतो, पण ती 'नाही आला' म्हणाली तर... ज्ञानूचा चेहरा डोळ्यासमोर येतो आणि परत ठेवून देतो.